अंड्यावरची रुक्माबाई

रत्नपालच्या मशीनला पहिलं नाव त्याच्या बायकोनं दिलं आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसरं नाव गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या त्यांच्या गल्लीनं दिलं, अंड्याची शिलाई मशीन. रत्नपाल स्वतः मात्र तिला 'यंत्रणा' म्हणे. पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात इतकी वर्षं लिपिक म्हणून काढल्यावर माणसाला कोणतीही वस्तू यंत्रणा झाल्याशिवाय आदरणीय वाटत नाही.

यंत्रणा तशी साधीच होती. दोन रबरी वाट्यांच्या मधे अंडं आडवं धरायचं. एक मोटर अंड्याला जागच्या जागी फिरवणार, दुसरी मोटर वरच्या दांडीला बांधलेलं मार्कर पेन डावी-उजवीकडे हलवणार, आणि लॅपटॉप दोघींना हुकूम सोडणार. लॅपटॉपवर मोर काढला की अंड्यावर मोर उमटायचा. निदान इंटरनेटवरच्या व्हिडिओत तरी उमटत होता. तो व्हिडिओ रत्नपालनं इतक्या वेळा पाहिला होता की त्यातल्या गोऱ्या माणसाच्या टेबलावर चहाचे डाग कुठं आहेत हेही त्याला पाठ झालं होतं. सुटे भाग पुण्याहून कुरिअरनं आले. कुरिअरवाल्यानं "इसमें है क्या, भैया?" असं विचारलं, रत्नपालनं खरं ते सांगितलं, आणि त्या दिवसापासून कुरिअरवाला त्यांच्या दारात गाडी बंद न करताच पाकीट देऊन जाऊ लागला.

"पन याचा उपयोग काय?" हा प्रश्न सगळ्यांनीच विचारला, पण शेजारच्या केशोरावांनी तो सविस्तर विचारला. केशोराव रेल्वेत रुळांच्या देखभालीवर मुकादम होते आणि निवृत्त झाल्यापासून गल्लीच्या देखभालीवर होते. "म्हंजे रत्नपालजी, चित्र काढल्यावर थे अंडं खायाचं का ठेवाचं? खायाचं असन तं चित्र काऊन? आन् ठेवाचं असन तं सडन ना थे." छंद म्हणजे काय हे रुळांच्या माणसाला कसं समजावणार, असं म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली.

उत्तर मिळालं ते सासूच्या डोळ्यामुळं.

अल्काची आई रुक्माबाई दरेकशाच्या पलीकडल्या एका गावात एकटी राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि त्यातल्या एकाचं ऑपरेशन मे महिन्यात गोंदियाला ठरलं होतं. रुक्माबाई शाळेत कधी गेली नव्हती. चाळिशी उलटल्यावर गावात साक्षरतेचा वर्ग आला, तो महिनाभरानं आला तसा गेला, पण जाताना रुक्माबाईला एक शब्द देऊन गेला. तिचं स्वतःचं नाव. तो एवढाच शब्द तिला वाचता यायचा आणि लिहिता यायचा, आणि तिनं तो सोडला नाही. रेशनकार्डावर, मतदारांच्या यादीत, नातवंडांच्या लग्नाच्या पत्रिकेत ती आधी आपलं नाव शोधायची आणि मगच पत्रिका ठेवून द्यायची. एक दिवस फोनवर ती अल्काला म्हणाली, "मायं नाव मलेच दिसत नाई व आता."

स्पीकर चालू होता. रत्नपालनं ते ऐकलं. त्यानं फोन हातात घेतला आणि कोणी विचारलेलं नसताना जाहीर केलं, "आई, पट्टी उघडली ना, की सगळ्यात पहिलं तुम्ही तुमचं नाव पाहाल. माझ्या मशीननं काढलेलं. अंड्यावर!"

मग रुक्माबाई म्हणाली, "बरं जवाई." हे 'बरं' कसलं आहे हे रत्नपालला ठाऊक होतं. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत त्यानं सासुरवाडीचा रेडिओ दुरुस्तीला उघडला होता आणि तो अजून उघडाच होता. पुढं पंप झाला, शिवणयंत्र झालं. हा जावई जे उघडतो ते मिटत नाही, असं सासूचं मत बनलं होतं, आणि ते खोडून काढायला रत्नपाल बारा वर्षं टपून बसला होता.

अल्काला मात्र दुसरीच भीती वाटली. "अहो, नाव नीट नाही उमटलं तं? तिले एवढंच वाचता येते. वेडंवाकडं दिसलं तं तिले वाटन डोळाच गेला. हाय खाईल ती."

"नीट नाही उमटायला काय झालं?" रत्नपाल म्हणाला आणि कामाला लागला.

काय झालं ते पहिल्याच अंड्यावर कळलं. रुक्माबाईऐवजी अंड्यावर जे उमटलं ते पाहून अल्का म्हणाली, "हे तं झुरळ शाईत पडून चाललं." एक तर अक्षरं पोकळ आली होती, प्रत्येक अक्षराच्या दोन दोन कडा. कारण लॅपटॉपमधली मराठी अक्षरं पेनानं लिहायची नसून कागदावर ठशासारखी छापायची होती, आणि मशीन आपली इमानेइतबारे त्यांची कड गिरवत होती. मग रत्नपालनं एकेक अक्षर बिंदू बिंदू जोडून स्वतः आखलं. 'क्मा' आखताना त्याला या जोडाक्षराचा शोध लावणाऱ्याचा पत्ता हवासा वाटला. एवढं करून अंडं फिरवलं, तर शिरोरेघेची सुरुवात आणि शेवट भेटेचनात. एक टोक वर, एक खाली, बोलणं बंद असलेल्या दोन जावांसारखी ती समोरासमोर थांबली होती. वर पेन मधेच टेकायचं आणि मधेच उचललं जायचं.

केशोराव रोज संध्याकाळी पाहणीला येत. "जयभीम रत्नपालजी. काय म्हनते अंडं?" मग खुर्ची ओढून ते मशीनकडं न पाहता जमिनीकडं पाहत. "हे सारं कंपनाचं हाय. मालगाडी गेली का जमीन हालते. तुमाले समजत नाई, आमाले तळपायाले समजते." प्रयोग म्हणून त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी टेबलावर ठेवली. मालगाडी गेली की पाणी हलतं का हे पाहायला दोघं श्वास रोखून बसले. एरवी गोंदियाच्या माणसाला झोपू न देणाऱ्या मालगाड्या त्या दिवशी कुठं दडून बसल्या कोण जाणे. शेवटी अल्का आली, तिनं ती वाटी उचलून कुंडीत ओतली आणि तीत वरण वाढलं. प्रयोग तिथंच संपला.

मग रत्नपालला वाटलं, व्होल्टेज. उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचे कूलर एकदम सुरू झाले की दिवे पिवळे पडतातच. तो रीतसर वीज कार्यालयात गेला. तक्रारीच्या अर्जात 'उपकरणाचा प्रकार' असा रकाना होता आणि त्यात पंखा, कूलर, पंप, चक्की एवढेच पर्याय होते. दुसरा कोणी असता तर कूलरवर खूण करून मोकळा झाला असता. पण रत्नपाल सरकारी माणूस होता, आणि दुसऱ्याच्या कार्यालयात तरी अर्ज खरा भरला पाहिजे असं त्याला वाटे. 'इतर' समोर त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अंडी, घरगुती यंत्रावर'. खिडकीतल्या माणसानं ते वाचलं, रत्नपालकडं पाहिलं, परत वाचलं आणि म्हणाला, "किती कोंबड्या आहेत?"

"कोंबड्या नाहीत."

"मग अंडी?"

"विकत आणतो."

"अच्छा," असं म्हणून त्या माणसानं अर्जावर काहीतरी बारीक लिहिलं आणि तो दुसऱ्याच ढिगात ठेवला. त्या ढिगावरून तपासणीला माणसं पाठवली जातात, हे इतकी वर्षं सरकारी लिपिक असूनही रत्नपालला सुचलं नाही.

शेवटी दोष सापडला तो अगदीच घरगुती. रबरी वाट्या गुळगुळीत होत्या आणि अंडं त्यांत जरा जरा घसरत होतं. रत्नपालनं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून वाट्यांत बसवल्या, अंड्याची दोन्ही टोकं बरोबर मधोमध आणली, पेनाखालची स्प्रिंग सैल केली, आणि एका रविवारी दुपारी बाजारच्या पांढऱ्याशुभ्र अंड्यावर काळंभोर 'रुक्माबाई' उमटलं. शिरोरेघ एका टोकाला निघाली, अंड्याला प्रदक्षिणा घालून आली आणि आपल्याच शेपटीला येऊन चिकटली. रत्नपालचे डोळे भरून आले. अल्कानंसुद्धा अंडं हातात घेऊन दोनदा फिरवलं आणि "जमलं की" म्हणाली. बाटलीच्या झाकणावर बसवून ते अंडं टीव्हीवर ठेवण्यात आलं आणि रत्नपाल दोन दिवस कार्यालयात शीळ घालत फिरला.

बुधवारी सकाळच्या गाडीनं रुक्माबाई आली. रत्नपाल स्टेशनवर घ्यायला गेला, तर सासूच्या एका काखेत पिशवी आणि दुसऱ्या काखेत टोपली. टोपलीत कोंडा, कोंड्यात अंडी, आणि अंड्यांवर फडक्यात गुंडाळलेली एक संतापलेली कोंबडी.

"आई, ऑपरेशनला कोंबडी?"

"मंग कोनाजवळ ठेवू? बसली हाय थे अंड्यावर. आज-उद्या फुटतीन पिल्लं. तिकडे बोका हाय, मुंगूस हाय. डोऱ्याचं आप्रेशन मांगाहून बी होते, पिल्लं मांगाहून होतेत का?"

घरी आल्या आल्या रत्नपालनं टीव्हीवरचं अंडं मोठ्या ऐटीनं तिच्या हातात दिलं. तिला अंधुकसं पांढरं काहीतरी दिसलं असेल. तिनं ते तळहातावर तोललं, बोटानं चाचपलं आणि विचारलं, "हे कोनाच्या कोंबडीचं होय?"

"बाजारातलं आहे, आई. पेटीतलं."

"मंग त्याच्यावर मायं नाव कायले? उद्या थो मालक येऊन म्हनन, बाई, अंडं मायं हाय. मायं नाव लिवाचं तं माया कोंबडीच्या अंड्यावर लिवा, जवाई."

एखाद्याला हा नकार वाटला असता. रत्नपालला ती ऑर्डर वाटली. सासूनं बारा वर्षांत त्याला स्वतःहून सांगितलेलं हे पहिलं काम होतं. "नक्की, आई," म्हणून तो कार्यालयात गेला, आणि म्हणूनच पुढचं संभाषण त्यानं ऐकलं नाही.

ते असं होतं. रुक्माबाईनं अल्काला टोपली दाखवून सांगितलं, "कोरशाची रेघ मारलेले अंडे कोंबडीखालचे, बिनरेघेचे तुमाले खायाले." इकडच्या झाडीपट्टीतल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. कोंबडी रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसली की तिच्या खालच्या अंड्यांवर कोळशानं रेघ ओढायची, म्हणजे दुसऱ्या कोंबडीनं येऊन तिथंच अंडं घातलं तरी ओळखू येतं. गाडीच्या दणक्यांनी कोंबडी बिथरली होती आणि काही केल्या बसेना, तेव्हा सगळी अंडी एका परातीत कोंड्यावर ठेवून वर फडकं टाकलं आणि ती शांत होईपर्यंत परात स्वयंपाकघरात राहू दिली. त्या दिवसांत गोंदियात सावलीतसुद्धा जी ऊब असते तिच्यापुढं कोंबडी काय देणार. मग अल्का दवाखान्यातून रक्ताचा रिपोर्ट आणायला गेली आणि रुक्माबाई प्रवासाच्या शिणानं आडवी झाली.

दुपारी रत्नपाल जेवायला घरी आला आणि त्याला परात दिसली. टपोरी, बदामी रंगाची गावरानी अंडी! आणि त्यांतल्या अर्ध्यांना काळं लागलेलं. टोपलीतलं, नाहीतर चुलीचं काजळ असणार. अंड्याच्या कवचावर तेल, धूळ, काजळ काही असता कामा नये, शाई धरत नाही, हे त्याला व्हिडिओतल्या गोऱ्या माणसानं निक्षून सांगितलं होतं. त्यानं कापूस आणि स्पिरिट घेतलं आणि जेवण बाजूला ठेवून एकेक अंडं चकचकीत पुसून काढलं. एकही रेघ राहू दिली नाही. स्वतःवर खूश होत तो परत कामावर गेला.

संध्याकाळी आला तेव्हा रुक्माबाई खिडकीशी बसली होती. एक अंडं डोळ्यांजवळ नेत होती, उजेडाकडं धरून गोल गोल फिरवत होती, खाली ठेवून दुसरं उचलत होती. रत्नपाल दारातून कौतुकानं पाहत राहिला. आपली स्वच्छता पाहून सासूबाई थक्क झाल्या असणार! तिनं शेवटी अंदाजानं काही अंडी उचलून मागच्या अंगणात कोंबडीखाली सारली आणि बाकीची परातीत राहिली. परातीतल्या अंड्यांवर रेघ नव्हती, तेव्हा ती खायचीच, हे अल्कानं गृहीत धरलं.

त्या रात्री रुक्माबाई दोन घास कसेबसे जेवली. "उद्याचं राहू दे पोरी," ती म्हणाली. "काई फायदा नाई. कालवरी दिसत होतं थे बी आज नाई दिसत." अल्कानं धीर दिला. रत्नपालनंही दिला, पण मनातून तो हादरला. नाव आता कोरल्यासारखंच आलं पाहिजे, त्यानं ठरवलं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. अल्का आईजवळ दवाखान्यात थांबली आणि रत्नपालनं रजा टाकून यंत्रणा सुरू केली. परातीतलं पहिलं अंडं बसवलं. 'रु' झकास आला. 'क्मा'च्या मधे पेन एकदम दचकलं. 'बा' नागमोडी आला आणि 'ई'च्या डोक्यावरचा आकडा उडून पार अंड्याच्या बुडाला गेला. त्यानं चकत्या तपासल्या, स्प्रिंग तपासली, पुन्हा काढलं. दुसऱ्या अंड्यावर शिरोरेघेला तीन ठिकाणी उचक्या लागल्या. आणखी एक अंडं मात्र सुरेख निघालं, पण आनंदाच्या भरात त्याच्या हातून सुटून फुटलं. ते खायचं होतं, हा त्या आठवड्यातला एकुलता एक योगायोग रत्नपालच्या बाजूनं पडला आणि त्याला तो कळलाही नाही. बाकी सगळी अंडी मधेच दचकत होती. तीच मशीन, तेच पेन, त्याच चकत्या. बाजारच्या अंड्यावर सरळ चालणारी रेघ सासूच्या अंड्यावर का थरथरते? गावरानी कवच खडबडीत असतं म्हणावं, तर बोटाला गुळगुळीत लागत होतं. सासूच्या कोंबडीलासुद्धा आपल्याबद्दल काही मत असावं अशी शंका त्याला येऊन गेली.

शुक्रवारी सकाळी भर पडली ती आवाजाची. मशीन सुरू केली की बारीक 'चिर्र, चिर्र' ऐकू यायला लागलं. केशोरावांना बोलावलं. त्यांनी कान लावला आणि पहिल्यांदाच जमिनीवरून वर पाहिलं. "बेरिंग! बेरिंग सुकलं. मी म्हनत होतो ना?" ते असं कधीच म्हणाले नव्हते, पण वाद घालायला वेळ नव्हता. दोघांनी मिळून दोन्ही मोटरींत शिलाई मशीनचं तेल सोडलं. आवाज थांबला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग 'चिर्र'.

"अजून सोडा," केशोराव म्हणाले.

तेल टेबलावरून ओघळत असतानाच दारात मोटारसायकल थांबली. वीज कार्यालयातून गुलाबचंद नावाचे साहेब आले होते. हातात रत्नपालचा अर्ज होता. "घरगुती कनेक्शनवर पोल्ट्री चलाते हो, अशी माहिती आहे," ते म्हणाले.

"पोल्ट्री नाही साहेब! हा माझा छंद आहे. कोंबडी तर एकही..." रत्नपाल म्हणाला, आणि मागच्या अंगणातून कोंबडी सविस्तर बोलली.

गुलाबचंद मागच्या अंगणात गेले, कोंबडीवरचं टोपलं उचलून पाहिलं, टोच खाल्ली, टोपलं ठेवलं. परातीतली अंडी पाहिली. मशीनमधे फिरणारं अंडं पाहिलं. मग 'चिर्र' ऐकून रत्नपालकडं असं पाहिलं की रत्नपालनं घाईघाईनं खुलासा केला, "बेरिंग आहे ते, साहेब."

"हमको सिखाते हो?" गुलाबचंद म्हणाले. केशोरावांनी रेल्वेतल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीची शपथ घेऊन बेरिंगची साक्ष दिली. गुलाबचंद विचारात पडले. नियमात अंड्यावर नाव काढणाऱ्या यंत्राचा दर नव्हता. वरून विचारून सांगतो म्हणाले, आणि नमुना म्हणून टीव्हीवरचं ते एकमेव देखणं, पांढरं, सुबक अंडं उचलून रुमालात बांधून घेऊन गेले. रत्नपाल दारापर्यंत "साहेब, ते सोडून काहीही न्या" म्हणत गेला. सरकारी माणसानं सरकारी माणसाचं ऐकलं नाही.

तेवढ्यात दवाखान्यातून अल्काचा फोन आला. "डॉक्टर राउंडवर येऊन राहिले. पट्टी उघडतीन. आई कालपासून एक शब्द बोलली नाही. तुम्ही आणून राहिले ना नाव?"

त्यानं मशीनमधलं अंडं काढलं. त्यावर 'रुक्माबाई' होतं खरं, पण बैलगाडीत बसून लिहिल्यासारखं. ते कापसात गुंडाळून, शर्टाच्या खिशात, छातीशी धरून तो स्कूटरवर बसला. वाटेत एकदा आपलं काळीज फार जोरात धडधडतंय असं त्याला जाणवलं.

वॉर्डात सगळे जमले होते. अल्का, तिचे दोन्ही भाऊ, बाजूच्या खाटांवरचे पेशंट, त्यांचे नातेवाईक. जावयानं अंड्यावर नाव आणलंय ही बातमी आधीच पसरली होती. डॉक्टरांनी पट्टी सोडली, डोळा पुसला आणि म्हणाले, "मावशी, हळूहळू उघडा."

रत्नपालनं कापूस सोडवून अंडं तिच्यासमोर धरलं. रुक्माबाईनं डोळा उघडला. मिचकावला. अंड्याकडं बघत राहिली. मग ती म्हणाली, "हालून राह्यलं."

बाजूच्या खाटांवरचे पेशंट माना उंचावून पाहू लागले.

"हालून राह्यलं ना हे," ती परत म्हणाली.

अल्कानं पदर तोंडाला लावला. थोरला भाऊ रत्नपालकडं वळला. डॉक्टर पुढं झाले, टॉर्च मारून डोळ्यात पाहू लागले, "काय हलतंय मावशी? सगळं हलतंय का? चक्कर आहे का?" आणि रत्नपालला पुढची सगळी वर्षं दिसली. सासू गावी परत जाणार, आपला डोळा गेला असं धरून बसणार, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधीच करू देणार नाही. आणि हे सगळं आपल्या रेघांमुळं. गप्प राहिलं तर दोष डोळ्यावर जाईल आणि यंत्रणेची लाज राहील, हेही त्याला त्याच क्षणी कळलं. तो विचार त्याला इतका घाण वाटला की तो वॉर्डभर ऐकू जाईल असा ओरडला, "आई, डोळा चांगला आहे तुमचा! माझी मशीनच खराब आहे! मलाही असंच दिसतंय, सगळ्यांना असंच दिसतंय! नाव नीट काढता येत नाही मला. मी उघडलेलं काहीच नीट होत नाही!"

वॉर्डात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. टाचणी पडली नाही, पण रत्नपालच्या मुठीतून आवाज आला. चिर्र.

रत्नपालनं आवाज ओळखला. बेरिंग! पण बेरिंग तर फुलचूरला.

"नाव नाई म्हनत मी, जवाई," रुक्माबाई वैतागून म्हणाली. "अंडं हालून राह्यलं. सारे जन डोरे फाडून पाहून राह्यले, आन् कोनालेच दिसत नाई?"

'बा'च्या पोटावर कवच तडकलं. तडा आडवा पसरला, एक खपली उडाली आणि आतून इवलीशी चोच बाहेर आली. चोचीच्या टोकावरचा, कवच फोडायचा पांढरा कण रुक्माबाईनं सगळ्यांच्या आधी पाहिला आणि बोट करून डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि टॉर्च विझवून खिशात टाकला. "पेशंटची नजर माझ्यापेक्षा बरी आहे," एवढंच ते म्हणाले.

अल्का रडता रडता हसायला लागली. थोरला भाऊ "अरे बापरे" म्हणत खाटेवरच बसला. आणि रत्नपालच्या डोक्यात एकेक गोष्ट उलगडत गेली, काजळ, स्पिरिट, खिडकीशी बसलेली सासू. "आई," तो चाचरत म्हणाला, "त्या काळ्या रेघा... त्या मी पुसल्या. घाण समजून."

रुक्माबाई त्याच्याकडं पाहत राहिली. आता तिला तो चांगला स्पष्ट दिसत होता. "म्हंजे रेघा होत्याच नाई?"

"नव्हत्या."

"आन् मी समजली डोराच मेला माया! दोन दिस रडून राह्यली मी मनातल्या मनात!" तिनं हात उचलला. रत्नपालनं गाल पुढं केला, कारण तेच योग्य होतं. पण तो हात त्याच्या खांद्यावर येऊन पडला आणि तिथंच राहिला, आणि रुक्माबाई पोट धरून हसली. मग एकदम थांबून अल्कावर खेकसली, "तू काय उभी हायेस व? घरी जा! परातीतले सारे कोंबडीखाली टाक, लवकर!" अल्का चपला न घालताच धावली.

रत्नपाल पिल्लाला ओंजळीत धरून भिंतीला टेकला. कवच गळत होतं, पिल्लू ओलं, कुरूप आणि फार चिडलेलं होतं. त्याला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. डोळा चांगला होता. पिल्लू जिवंत होतं. आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती, पण मशीनही चांगली होती. आतला माणूस हलत असेल तर बाहेरच्या रेघेनं काय करावं?

दुपारी सुटीचे कागद आले. नर्सनं शाईचा पॅड पुढं केला, "मावशी, अंगठा."

"आंगठा नाई. पेन दे." रुक्माबाईनं पेन मुठीत धरलं, जीभ दातांत दाबली आणि लिहायला सुरुवात केली. 'रु'ला वेळ लागला. 'क्मा'ला फार वेळ लागला. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसानं घड्याळ पाहिलं. शिरोरेघ वर गेली, खाली आली, शेवटी कागदाच्या कडेला जाऊन कशीबशी थांबली.

नर्स हसली. "मावशी, अक्षर किती हलून राहिलं तुमचं!"

"हालू दे ना," रुक्माबाई म्हणाली. "जित्या मानसाचा हात हाय." आणि तिनं कागद दुरुस्तीसाठी द्यावा तसा रत्नपालसमोर धरला.

त्यानं तो दोन्ही हातांत घेऊन पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला. "बरोबर आहे, आई," तो म्हणाला. "काहीच करायला नको."